होडीच्या इंजिनचा बझर वाजत नाही? तपासायचा कसा अन् बदलायचा कसा : उजनीकाठच्या बोटवाल्यांसाठी माहिती

करमाळा (प्रतिनिधी) : उजनीच्या पाण्यावर चालणाऱ्या लाँच आणि मोठ्या होड्यांमध्ये चावीच्या आसपास एक छोटा काळा डबा बसवलेला असतो. त्याला बझर म्हणतात. चावी फिरवली की तो टींऽऽ करून वाजतो आणि इंजिन सुरू झालं की गप्प बसतो. बऱ्याच होड्यांत मात्र तो कायमचाच गप्प असतो. कुणी आवाजाला वैतागून वायर काढून टाकलेली असते, कुणाचा पाणी जाऊन बाद झालेला असतो, तर कुणाला त्याचं काम काय हेच माहीत नसतं. वस्तू शे-दोनशे रुपयांची, पण भर पाण्यात इंजिन बंद पडायच्या आधी सांगणारी होडीत दुसरी कुठलीही गोष्ट नाही. म्हणून ही सविस्तर माहिती.

आपल्या तालुक्यात हा विषय का महत्त्वाचा, ते वेगळं सांगायला नको. कुगाव, चिखलठाण, ढोकरी, वांगी, केत्तूर या काठाच्या गावांना पलीकडचा इंदापूर तालुका डोळ्यांसमोर दिसतो, पण रस्त्यानं जायचं तर टेंभुर्णीकडून नाहीतर भिगवणकडून मोठा वळसा पडतो. त्यामुळं बाजार, दवाखाना, सोयरीक, शाळा-कॉलेज सगळ्यासाठी होडी. मोटारसायकलसुद्धा होडीत घालून नेतात. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. ती दुर्घटना वाऱ्यानं झाली, बझरचा तिच्याशी संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण वाऱ्यात होडीचं काय होतं ते त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. इंजिन चालू असलं तर होडीचं तोंड लाटेकडं धरता येतं. इंजिन बंद पडलं की होडी आपोआप वाऱ्याला आडवी होते आणि लाट बगलेतून आत येते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं सुटलेलं असताना इंजिन दगा देणं म्हणजे काय, ते यावरून समजून घ्या.

बझर नेमकं सांगतो काय

डिझेल इंजिनला तीन मोठे धोके. ऑइलचं प्रेशर जाणं, इंजिन जास्त गरम होणं, आणि अल्टरनेटरनं बॅटरी चार्ज करणं बंद होणं. ट्रॅक्टरच्या मीटरमध्ये ऑइलचा लाल दिवा, टेंपरेचरचा काटा आणि बॅटरीचा दिवा असतो, तसंच इथं समजा. फरक इतकाच की होडी चालवणाऱ्याची नजर पाण्यावर असते. उन्हात पॅनलवरचा दिवा दिसत नाही. म्हणून दिव्याच्या जोडीला आवाज दिलेला आहे.

ऑइल प्रेशरचा स्विच इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला असतो, बहुतेक वेळा ऑइल फिल्टरच्या जवळपास. इंजिन बंद असताना प्रेशर नसतं, त्या वेळी हा स्विच आतून जोडलेला असतो. म्हणून चावी फिरवली की बझर वाजतो. इंजिन चालू होऊन साधारण अर्धा किलो प्रेशर आलं की स्विच तुटतो आणि आवाज बंद. टेंपरेचरचा स्विच बरोबर उलटा चालतो. तो थंड असताना तुटलेला असतो आणि पाणी शंभर डिग्रीच्या जवळ गेलं की जोडला जातो. प्रत्येक इंजिनचा आकडा थोडा इकडं तिकडं असतो.

करंटचा रस्ता सोपा आहे. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजवरून चावी, चावीवरून बझरची लाल वायर. बझरची काळी वायर तिथून थेट बॅटरीच्या मायनसला जात नाही, ती इंजिनवरच्या स्विचला जाते. स्विच जोडला गेला की इंजिनच्या लोखंडातून मायनस मिळतो आणि बझर वाजतो. हा एक मुद्दा डोक्यात बसला की अर्धं काम झालं. पुष्कळ जण नवा बझर आणतात, लाल प्लसला आणि काळी सरळ बॅटरीच्या मायनसला जोडतात, मग तो चावी फिरवल्यापासून बंद होईपर्यंत वाजतच राहतो. दोन दिवसांत वैतागून परत वायर काढली जाते.

चावी फिरवल्यावर काहीच वाजत नसेल, तर ते "सगळं ठीक आहे" असं धरू नका. ठीक असताना सुरुवातीला आवाज यायलाच पाहिजे. होडीत बसणाऱ्या प्रवाशांनीही हे ध्यानात ठेवावं. इंजिन सुरू करताना कान द्या, आवाज नाही आला तर नावाड्याला विचारा. आपण काही त्याचा अपमान करत नाही.

ज्या लहान होड्यांना हँडल मारून चालू होणारं एक सिलिंडरचं इंजिन आहे आणि बॅटरीच नाही, त्यांच्यात बझर नसतोच. त्यांनी रोज ऑइलची पट्टी बघणं एवढाच उपाय. खालची माहिती बॅटरी आणि चावी असलेल्या इंजिनसाठी आहे.

बदलायच्या आधी तपासा

दुकानात जाऊन बझर घेण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. बझर चांगला आणि खराबी भलतीकडंच, असं फार वेळा निघतं. एक टेस्ट लॅम्प किंवा साधा मल्टीमीटर पुरतो. होडी काठाला बांधलेली पाहिजे, आत प्रवासी नकोत. इंजिनची पेटी थोडा वेळ उघडी ठेवा, म्हणजे डिझेल-पेट्रोलची वाफ निघून जाईल. पेट्रोल इंजिन असेल तर हे अजिबात विसरू नका, एक ठिणगी पुरते.

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. पॅनलवरचा ऑइलचा दिवा लागला पण बझर वाजला नाही, तर खराबी बझरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर आधी फ्यूज बघा, मग चावीचा स्विच, मग इंजिनवरच्या ऑइल स्विचची वायर निघालीय का ते. ती वायर नुसती टोपीसारखी दाबून बसवलेली असते आणि इंजिनच्या थरथरीनं निसटते.

आता ऑइल स्विचवरची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला टेकवा. बझर वाजला तर वायरिंग आणि बझर दोन्ही चांगले, स्विच बाद. नाही वाजला तर बझर काढून दोन वायरींनी सरळ बॅटरीवर लावून बघा. लाल प्लसला, काळी मायनसला. तिथंही मुका राहिला तर तो गेला. तिथं वाजला तर मधली वायर कुठंतरी तुटलीय किंवा गंजलीय.

टेंपरेचरची वायर तपासताना एक गोम आहे. इंजिन बंद असताना ऑइल स्विचमुळं बझर आधीच वाजत असतो, त्यामुळं टेंपरेचरची वायर टेकवून काही कळत नाही. त्यासाठी इंजिन स्लोवर चालू ठेवा, बझर गप्प झाल्यावर टेंपरेचर स्विचची वायर काढून ब्लॉकला टेकवा. वाजला पाहिजे. हे करताना बेल्ट आणि फ्लायव्हीलपासून हात, गमछा, बाह्या लांब ठेवा.

वायरचा रंग बघून फसू नका. बाहेरून प्लास्टिक नवं दिसतं आणि आतलं तांबं हिरवं-काळं होऊन पीठ झालेलं असतं. होडीत सतत ओल असते, शिवाय इंजिनची वाफ. मल्टीमीटर असेल तर बझर वाजत असताना त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर साडेबारा आणि बझरवर नऊ-दहाच मिळत असतील, तर मधले तीन व्होल्ट गंजलेल्या जोडात अडकलेत. नवा बझर लावूनही आवाज बारीकच येईल. आधी जोड साफ करा.

बझर कुठला घ्यायचा

करमाळा, जेऊर, टेंभुर्णी, इंदापूर कुठंही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात बारा व्होल्टचा पिझो बझर मिळतो. त्यावर "३ ते २४ व्होल्ट" किंवा "१२ व्होल्ट डीसी" असं लिहिलेलं असतं. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्टपर्यंत जातात, तेवढं त्याला सोसलं पाहिजे. ट्रकचं इंजिन बसवलेल्या काही लाँचमध्ये दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. तिथं नुसता बारा व्होल्टचा बझर लावला तर लगेच जळेल. आधी बॅटरी मोजा, मग दुकानात जा. शक्य असेल तर जुना बझर काढून सोबत न्या.

आवाज सलग येणारा घ्या. तुटक, मध्येच थांबणारा नको. आणि जितका मोठा मिळेल तितका चांगला. सायलेन्सर फुटलेल्या डिझेल इंजिनशेजारी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारीक बझर ऐकूच येत नाही. डब्यावर डेसिबलचा आकडा असला तर नव्वदच्या वरचा बघा. काही ठिकाणी टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न लावलेलाही दिसतो. भर धरणात इंजिन तापलं आणि "कृपया ध्यान द्या, गाडी मागे येत आहे" असं ऐकू आलं तर प्रवासी हसतील, घाबरणार नाहीत.

जास्त महत्त्वाची सूचना पुढं आहे. मोठा आवाज हवा म्हणून बझरच्या जागी गाडीचा हॉर्न सरळ जोडू नका. पिझो बझर अगदी थोडा करंट घेतो, एका अँपिअरचा बारीकसा भाग. गाडीचा हॉर्न तीन-चार अँपिअर किंवा जास्त ओढतो. ऑइल स्विचच्या आतले पॉइंट नाजूक असतात, एवढ्या करंटनं ते जळतात किंवा चिकटतात. मग हॉर्न आहे, स्विच नाही. हॉर्नच लावायचा असेल तर मध्ये गाडीची साधी रिले टाका. रिलेच्या ८६ नंबरला चावीवरचा प्लस, ८५ नंबरला पूर्वी बझरच्या काळ्या टोकाला होती ती स्विचकडची वायर, ३० नंबरला फ्यूजमधून आलेला प्लस आणि ८७ वरून हॉर्न. हॉर्नचं दुसरं टोक मायनसला. असं केलं की स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो. वायरिंगवाल्याला "रिलेवर घे" एवढं म्हटलं तरी तो समजतो.

प्रत्यक्ष बदलताना

चावी बंद करा. बॅटरीची मायनसची वायर आधी काढा, प्लसची नंतर. उलट केलं तर पान्हा इंजिनला टेकून ठिणगी उडते. काम झाल्यावर प्लस आधी, मायनस शेवटी.

जुन्या बझरचा मोबाईलवर फोटो काढा, वायरी कुठं कुठं होत्या ते दिसेल असा. मग एकेक वायर सोडवून तिला चिकटपट्टीवर लिहून खूण करा. बझरच्या मागं काळ्या टोकाला दोन-तीन वायरी एकत्र आलेल्या असतील आणि मध्ये बारीक काळ्या नळीसारखे, एका टोकाला चंदेरी पट्टी असलेले तुकडे दिसतील. ते डायोड. कचरा समजून फेकू नका.

डायोड कशाला, तर एकच बझर तीन स्विचसाठी वापरलेला असतो. डायोड नसतील तर ऑइलचा स्विच जोडला गेल्यावर टेंपरेचरचा दिवाही पेटतो आणि नक्की काय झालंय ते कळत नाही. डायोड करंटला एकाच दिशेनं जाऊ देतो, विहिरीच्या पाइपातल्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हसारखा. चंदेरी पट्टीचं टोक इंजिनवरच्या स्विचकडं आणि दुसरं टोक बझरकडं पाहिजे. तुटला असेल तर इलेक्ट्रॉनिक दुकानात १एन४००७ नंबरचा मागा, काही रुपयांत मिळतो आणि या कामाला भरपूर आहे.

नवा बझर जोडताना लाल-काळं उलटं झालं तर पिझो बझर बहुधा नुसता वाजणार नाही, काही वेळा बादही होतो. म्हणून पक्का बसवायच्या आधी एकदा बॅटरीवर वाजवून बघा.

वायर घरातल्या फिटिंगची, एका जाड तारेची वापरू नका. इंजिनच्या थरथरीनं ती आत तुटते आणि वरून कळत नाही. बारीक तारांची ऑटो वायर घ्या, एक चौरस मिलीमीटरची पुष्कळ झाली. कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर ओलीत ती जास्त वर्षं टिकते. टोकाला थिंबल दाबून बसवा. नुसतं पीळ देऊन वर टेप गुंडाळला तर पहिल्याच पावसाळ्यात टेपाखाली पाणी जाईल. थिंबलवर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा, मेणबत्ती नाही तर लायटरनं ती आवळते. पण हे इंजिनच्या पेटीत नको, बाहेर बसून करा. जोडावर थोडं व्हॅसलीन किंवा ग्रीस लावलं तर गंज लांब राहतो.

फ्यूज दोन किंवा तीन अँपिअरचा. हॉर्न रिलेवर घेतला असेल तर त्याला वेगळा, हॉर्नच्या करंटप्रमाणे. फ्यूज उडाल्यावर त्यात वायरीची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालायची सवय आपल्याकडं आहे. शेतातल्या डीपीवर असं करून काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. होडीत डिझेलच्या टाकीशेजारी तेच व्हायला नको.

बझरची जागा चालवणाऱ्याच्या डोक्याजवळ, पाण्याच्या फवाऱ्यापासून आडोशाला. भोकाचं तोंड वर नको, खाली किंवा बाजूला ठेवा. वायर बझरकडं नेताना शेवटी थोडी खाली लोंबती वळण देऊन न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या वळणावरून टपकेल, बझरात शिरणार नाही. इंजिनच्या पेटीत बझर बसवणं म्हणजे तो नसल्यासारखंच.

मायनसबद्दल थोडं. लाकडी आणि फायबरच्या होडीला ट्रॅक्टरसारखी बॉडी अर्थ नसते. मायनस हवा असेल तिथं इंजिनवरून किंवा बॅटरीवरून वेगळी वायर न्यावीच लागते. पत्र्याच्या, लोखंडी होडीत बॉडी समोर दिसते म्हणून तिच्यावर अर्थ मारायचा मोह होतो, पण तो टाळा. पाण्यात बुडालेल्या लोखंडातून असा करंट फिरत राहिला तर पत्रा आणि पंख्याचा दांडा खात जातो. तिथंही वायरच वापरा.

स्विचच खराब निघाला तर

नवा स्विच त्याच इंजिनचा, त्याच आट्याचा आणि त्याच प्रेशरचा घ्या. जुना सोबत न्या. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळू नका. या स्विचला मायनस त्याच्या आट्यांतूनच मिळतो, टेपनं तो तुटतो आणि नवा स्विचही चालत नाही. मग दुकानदाराला शिव्या बसतात. काही इंजिनवर दोन टोकांचा स्विच असतो, त्याला मायनसची वायर वेगळी असते. जसा होता तसाच लावा. फार ताकदीनं आवळू नका, आटे चिरतात आणि ऑइल गळायला लागतं.

इंजिन चालू असताना बझर वाजतच राहत असेल, तर "स्विच खराब असेल" असं म्हणून वायर काढायची नाही. आधी इंजिन बंद, ऑइलची पट्टी बघा. ऑइल पुरेसं असलं तरी मेकॅनिककडून स्विचच्या जागी प्रेशरचं घड्याळ लावून खरं प्रेशर मोजून घ्या. प्रेशर चांगलं निघालं तरच दोष स्विचवर ढकला. लाटेत किंवा वळण घेताना बझर मध्येच एकदा टीं करून गप्प होत असेल, तर बहुतेक ऑइल कमी आहे. होडी कलल्यावर ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाला क्षणभर हवा मिळते. हा इशारा फुकटात मिळतोय, त्याच दिवशी ऑइल भरा. ऑइल नसताना इंजिन चाललं तर काही मिनिटांत बेअरिंग धरतं, मग क्रँकपासून सगळं खोलायचं काम.

आपल्याकडं विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरमधला प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो म्हणून काढून डायरेक्ट करतात. एक फेज गेली की मोटार जळते. मोटार भरून आणायला पैसे आणि आठवडा जातो, पीक वाळतं. बझरची वायर काढणं अगदी तोच प्रकार आहे, फक्त इथं मोटारीच्या जागी माणसं बसलेली असतात.

पाण्यात असताना वाजला तर

घाबरून लगेच चावी फिरवू नका. होडी भरलेली आहे आणि वारं आहे, अशा वेळी अचानक इंजिन बंद केलं तर होडी आडवी होईल. रेस एकदम कमी करा, होडीचं तोंड वाऱ्याकडं घ्या, मग दिवा बघा.

बॅटरीचा दिवा असेल तर साधं डिझेल इंजिन बॅटरीशिवायही चालत राहतं. इंजिन बंद न करता सावकाश जवळच्या काठाला लावा, कारण बंद केलं तर परत सुरू होईलच असं नाही. मात्र बेल्ट तुटलाय का ते बघा. बऱ्याच इंजिनांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो, मग पाठोपाठ इंजिन तापणार.

टेंपरेचर असेल तर थंड करणारं पाणी बाहेर पडतंय का ते बघा. उजनीत याचं कारण बहुतेक वेळा एकच : पाणी ओढायच्या तोंडाला जलपर्णी, जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी अडकलेली. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की गाळही ओढला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, अशा वेळी नेहमीच्या वाटेवरही तळ जवळ येतो. पाण्याच्या पंपात रबराचा पंखा असेल तर तो कोरडा फार वेळ टिकत नाही. स्लोवर थोडं थांबून तापमान उतरत नसेल तर नांगर टाका, मग बंद करा आणि अडकलेलं काढा. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका.

ऑइलचा दिवा असेल तर मात्र थांबायचं नाही. तोंड वाऱ्याकडं, नांगर पाण्यात आणि इंजिन बंद. प्रवाशांनी उठून एका बाजूला गर्दी करू नये, जागेवर बसून राहावं. लाइफ जॅकेट अंगात पाहिजे. ते होडीच्या पुढच्या टोकाला गोणीत बांधून ठेवलेलं काही उपयोगाचं नाही. नांगर, दोरी, दोन वल्ही आणि चार्ज असलेला मोबाईल होडीत नेहमी असावा. या भागातल्या सगळ्या होड्यांत ते असतं असं म्हणता येत नाही. प्रवासी वाहतुकीच्या बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साहित्य यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. काठावर त्याची आठवण एखादी दुर्घटना झाली की चार महिने होते.

पाणी भरल्याचा बझर

इंजिनचा बझर बदलायला बसलाच आहात तर अजून एक बसवून घ्या. होडीच्या तळाशी फ्लोट स्विच आणि त्याला वेगळा छोटा बझर. तळात पाणी साचलं की फ्लोट वर येतो आणि आवाज होतो. पाण्याच्या टाकीच्या फ्लोटसारखंच आहे, फक्त बारा व्होल्टवर चालणारा घ्या, घरच्या करंटवरचा नाही. याचा प्लस चावीवरून न घेता फ्यूज टाकून सरळ बॅटरीवरून घ्यावा, कारण होडी रात्री काठाला बांधलेली असते आणि चावी घरी असते तेव्हाच पाणी भरतं. तळाला नेहमी थोडं पाणी असतंच, त्याच्या चार-पाच बोटं वर फ्लोट बसवा. नाहीतर तो रोज वाजेल आणि त्याचीही वायर निघेल. दोन्ही बझरचे आवाज वेगळे ठेवा, एक सलग आणि एक तुटक, म्हणजे न बघता कळतं की इंजिन आहे का पाणी.

आउटबोर्ड इंजिन असेल तर

मागं टांगलेलं पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन मच्छीमार आणि पक्षी दाखवणाऱ्या बोटींवर असतं. त्याच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बझर कंपनीनंच दिलेला असतो, गिअर-रेसच्या डब्यात किंवा चावीच्या पॅनलच्या मागं. नव्या मॉडेलमध्ये तो इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक डब्याशी जोडलेला असतो. तिथं वरचे प्रयोग करू नका, वायर इंजिनला टेकवून बघणं तर नाहीच. कंपनीचाच भाग मागवा. चावी फिरवल्यावर किंवा सुरू होताना तो एकदा वाजून बंद व्हायला हवा, इंजिनच्या पुस्तकात ते दिलेलं असतं. या इंजिनला मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडते. ती कमी झाली किंवा गरम वाफ यायला लागली तर बझरची वाट बघू नका, रेस कमी करून जलपर्णी काढा.

नवा बझर बसवल्यावर पहिले आठ दिवस रोज चावी फिरवून, इंजिन सुरू करायच्या आधी दोन आकडे मोजेपर्यंत थांबा आणि आवाज ऐका. इंजिन सुरू झाल्यावर काही वेळा थोडी रेस दिल्याशिवाय आवाज बंद होत नाही, कारण अल्टरनेटर चार्जिंग सुरू करायला तेवढे फेरे घेतो. तो दोष नाही. पावसाळ्यात होडी काठावर ओढून ठेवायची असेल तर बॅटरी घरी न्या, जोडांना पुन्हा ग्रीस लावा आणि बझरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. पाण्यात उतरवायच्या आधी पिशवी काढायची आठवण म्हणून चावी त्याच पिशवीच्या दोरीला अडकवून ठेवली तरी चालेल.